जमिनीच्या कागदाला हमी देणारा टॉरेन्स

मुंबई-पुण्यात घर किंवा गावाकडे जमीन घेणाऱ्या प्रत्येकाला शोध अहवाल हा शब्द परिचित असतो. व्यवहारापूर्वी वकील दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात जाऊन साधारण 30 वर्षांच्या नोंदी तपासतो. खरेदीखते, गहाणखते, बक्षीसपत्रे, वाटणीपत्रे शोधली जातात. जमीन शेतीची असेल तर सात-बारा आणि त्यामागचे फेरफार पाहावे लागतात. एवढा खटाटोप झाल्यावरही हाती येते ते वकिलाचे मत. मालकीची खात्री शासन देत नाही. दहा वर्षांनी तीच मालमत्ता पुन्हा विकली गेली की दुसरा वकील तोच शोध पहिल्यापासून घेतो.

या फेऱ्यातून शेतकऱ्याची आणि खरेदीदाराची सुटका करण्याचा ध्यास एकोणिसाव्या शतकात एका माणसाने घेतला आणि तो तडीस नेला. सर रॉबर्ट रिचर्ड टॉरेन्स हे त्याचे नाव. विशेष म्हणजे टॉरेन्स वकील नव्हते. ते जकात खात्यातील अधिकारी होते. मालमत्तेच्या कायद्यातील एवढी मोठी सुधारणा कायद्याचे शिक्षण नसलेल्या माणसाने घडवून आणावी, हे त्या काळच्या वकीलवर्गाला अखेरपर्यंत रुचले नाही.

टॉरेन्स यांचा जन्म आयर्लंडमधील कॉर्क येथला. त्यांचे वडील कर्नल रॉबर्ट टॉरेन्स हे नामांकित अर्थशास्त्रज्ञ. दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत स्थापन करण्यासाठी लंडनमध्ये जे मंडळ नेमण्यात आले, त्याचे ते अध्यक्ष होते. ॲडलेड शहरातून वाहणाऱ्या टॉरेन्स नदीला नाव मिळाले ते या वडिलांचे. मुलाचे शिक्षण डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात झाले. काही काळ लंडनच्या बंदरात जकातीची नोकरी केल्यानंतर डिसेंबर 1840 मध्ये ते पत्नीसह ॲडलेडला आले आणि तेथे जकातप्रमुख झाले. स्वभावाने ते तडफदार आणि हट्टी होते. वरिष्ठांशी, व्यापाऱ्यांशी आणि वृत्तपत्रांशी त्यांचे वारंवार खटके उडत. लोकप्रिय अधिकारी म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती.

दक्षिण ऑस्ट्रेलियाची वसाहत 1836 मध्ये स्थापन झाली ती मुळातच जमीनविक्रीच्या पायावर. जमिनीचे तुकडे विकायचे आणि त्या पैशातून ब्रिटनमधील मजुरांना आणायचे, अशी ती योजना होती. अनेक तुकडे तर प्रत्यक्ष मोजणी होण्यापूर्वीच लंडनमध्ये विकले गेले होते. पुढे ग्रामीण मुलूख काउंटी आणि हंड्रेड या विभागांत वाटला गेला आणि प्रत्येक तुकड्याला क्रमांक मिळाला. भूमापनाची बाजू अशी बरीच नेटकी होती. गोंधळ होता तो कागदांचा. जमीन हा सट्ट्याचा विषय झाल्याने तुकडे हातोहात फिरत. कोणी मालक इंग्लंडमध्येच राहिलेला, कोणी दिवाळखोर होऊन परागंदा झालेला, कोणाचे वारस ठाऊक नाहीत, अशी परिस्थिती होती.

मालकी सिद्ध करण्याची रीत मात्र जुन्या इंग्लंडचीच होती. विक्रेत्याने सरकारी मूळ सनदेपासून स्वतःपर्यंतची सगळी खते सलग दाखवायची. साखळीतील एक दुवा हरवला किंवा एक खत सदोष निघाले की पुढच्या सर्वांची मालकी डळमळीत होई. खते नोंदविण्याचे कार्यालय वसाहतीत होते. पण तेथे फक्त दस्ताची नोंद होई. दस्त करून देणाऱ्याला मुळात तो अधिकार होता की नाही, याची जबाबदारी कार्यालय घेत नसे. त्यामुळे प्रत्येक विक्रीला आणि प्रत्येक कर्जाला वकिलाने पुन्हा सगळी साखळी तपासायची आणि त्याचे शुल्क आकारायचे, हा शिरस्ता पडला होता. लहान शेतकऱ्याच्या बाबतीत हा खर्च कधीकधी जमिनीच्या किमतीच्या मानाने डोईजड ठरे.

टॉरेन्स यांना या प्रश्नाची जाण आली ती एका घरगुती अनुभवातून. मालकीहक्काच्या अशाच गुंत्यात एका नातेवाइकाची झालेली वाताहत त्यांनी तरुणपणी पाहिली होती, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. उत्तर मात्र त्यांच्या नोकरीत दडलेले होते. जहाजांच्या मालकीची नोंद बंदरातील सरकारी वहीत होत असे. जहाज किंवा त्यातील हिस्सा विकला की वहीत नोंद बदलायची आणि व्यवहार पूर्ण व्हायचा. जहाजासारखी फिरती वस्तू इतक्या सहजतेने हस्तांतरित होत असेल, तर एका जागी स्थिर असलेल्या जमिनीसाठी एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, असा त्यांचा युक्तिवाद होता.

ही कल्पना त्यांना एकट्यालाच सुचली, असे मात्र म्हणता येत नाही. हॅम्बुर्गसारख्या जर्मन शहरांत मालकीच्या नोंदवह्यांची जुनी परंपरा होती. त्या पद्धतीचे जाणकार असलेले डॉ. उलरिच ह्यूबे हे जर्मन कायदेपंडित ॲडलेडमध्ये स्थायिक झाले होते आणि विधेयकाला आकार देण्यात त्यांचा वाटा मोठा होता. तो नेमका किती, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. पण विधेयक लोकांपुढे नेणे, त्यासाठी सभा गाजविणे, टीका झेलणे आणि ते विधिमंडळात मंजूर करून घेणे, हे काम टॉरेन्स यांचेच होते.

1857 मध्ये वसाहतीत पहिल्यांदा जबाबदार शासनपद्धतीची निवडणूक झाली. टॉरेन्स जमीनसुधारणेच्या प्रश्नावर ॲडलेडमधून निवडून आले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते वसाहतीचे पंतप्रधानही झाले. पण त्यांचे मंत्रिमंडळ महिनाभरच टिकले. सत्ता गेली तरी विधेयक त्यांनी सोडले नाही. सामान्य सदस्य म्हणून ते मांडून त्यांनी मंजूर करून घेतले. 27 जानेवारी 1858 रोजी त्याला संमती मिळाली. टॉरेन्स यांनी विधिमंडळाचे सदस्यत्व सोडले आणि स्वतःच नव्या नोंदणी खात्याचे प्रमुख झाले. राजकारणातील पुढची संधी सोडून त्यांनी दप्तरी काम पत्करले, कारण कायदा कागदावर उत्तम असला तरी तो कार्यालयातच तरतो किंवा बुडतो, हे जकात खात्यातील अनुभवाने त्यांना शिकविले होते.

नव्या पद्धतीचे सूत्र सोपे होते. मालकी खताने मिळत नाही, नोंदीने मिळते. ज्याला आपली जमीन नव्या कायद्याखाली आणायची असेल त्याने अर्ज करायचा. जुनी सगळी कागदपत्रे एकदाच, पण कसून तपासली जायची. जाहीर नोटीस निघायची, हरकतींना मुदत मिळायची. त्यानंतर मालकीचे प्रमाणपत्र तयार होई. त्याची एक प्रत सरकारी नोंदवहीत आणि दुसरी मालकाच्या हाती राही. त्या एका पानावर जमिनीचे वर्णन, मालकाचे नाव आणि जमिनीवरील बोजे यांची नोंद असे. पुढे विक्री झाली की छापील नमुना भरून द्यायचा आणि नोंद बदलायची. मागची साखळी पुन्हा उकरण्याची गरज उरत नसे. कायदा अमलात आल्यानंतर सरकारने विकलेली प्रत्येक नवी जमीन आपोआप याच वहीत दाखल होई.

मात्र या पद्धतीचे मर्म हमीत होते. लबाडीसारखे मोजके अपवाद सोडले, तर नोंदवहीतील मालक हाच मालक, असे शासनाने मान्य केले. कार्यालयाच्या चुकीने एखाद्या निरपराध माणसाचा हक्क गेलाच, तर त्याला भरपाई देण्यासाठी स्वतंत्र निधी उभारण्यात आला. जमीन नोंदविताना प्रत्येकाकडून घेतलेल्या अल्प रकमेतून हा निधी उभा राहिला. नोंद ठेवणाऱ्याने आपल्या नोंदीची आर्थिक जबाबदारीही घ्यावी, हा विचार त्या काळात धाडसाचा होता.

वकीलवर्गाने कडाडून विरोध केला. अनेकांनी नव्या पद्धतीने काम करण्याचे टाळले. तेव्हा टॉरेन्स यांनी वकील नसलेल्या, पण प्रशिक्षित अशा जमीन-दलालांकडून हे नमुने भरून घेण्याची व्यवस्था उभी केली. दुसरा अडथळा सर्वोच्च न्यायालयातून आला. न्यायमूर्ती बेंजामिन बूथबी यांनी इंग्लंडच्या कायद्याशी विसंगत म्हणून वसाहतीचे कायदे अवैध ठरविण्याचा सपाटा लावला. त्यात हा कायदाही सापडला. अखेर 1865 मध्ये ब्रिटिश संसदेला वसाहतींच्या कायद्यांची वैधता स्पष्ट करणारा कायदा करावा लागला आणि 1867 मध्ये बूथबी यांना पदावरून दूर करण्यात आले.

तोवर टॉरेन्स यांची पद्धत सीमेपलीकडे पोहोचली होती. क्वीन्सलँड, व्हिक्टोरिया, न्यू साउथ वेल्स आणि टास्मानिया यांनी 1860 च्या दशकाच्या आरंभीच ती स्वीकारली. न्यूझीलंडने 1870 मध्ये, तर पश्चिम ऑस्ट्रेलियाने 1874 मध्ये तिचा अंगीकार केला. पुढे कॅनडाचे पश्चिमेकडील प्रांत, मलाया, सिंगापूर येथेही ती रुजली. स्वतः टॉरेन्स इंग्लंडला परतले आणि 1868 ते 1874 या काळात केंब्रिजचे प्रतिनिधी म्हणून ब्रिटिश संसदेत बसले. 1872 मध्ये त्यांना सर हा किताब मिळाला. मायदेशात मात्र त्यांच्या विचाराला तसे यश आले नाही. मालकीची नोंदणी इंग्लंड आणि वेल्समध्ये सर्वत्र सक्तीची व्हायला 1990 साल उजाडावे लागले. 31 ऑगस्ट 1884 रोजी फाल्मथ येथे टॉरेन्स यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. नोंदवहीत जे आहे तेच खरे, असे एकदा ठरले की वहीत जे नाही ते कायद्याच्या दृष्टीने नाहीसे होते. ॲडलेडच्या मैदानावर शतकानुशतके राहणाऱ्या कौर्ना लोकांचे नाव कोणत्याही पानावर नव्हते. वसाहतीच्या 1836 च्या राजपत्रात मूळ रहिवाशांच्या ताब्यातील जमिनीला संरक्षण देणारे कलम होते. पण ते पाळले गेले नाही. सरकारी सनद हीच मालकीची सुरुवात मानली गेली आणि टॉरेन्स यांच्या वहीने ती सुरुवात अभेद्य केली. ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाने मूळ रहिवाशांचा भूमिहक्क मान्य केला तो 1992 मध्ये. कौर्ना लोकांचा हक्क 2018 मध्ये मान्य झाला, तोही मोजक्या तुकड्यांपुरताच.

ही दुसरी बाजू भारतासाठी विशेष महत्त्वाची आहे. आपल्याकडे 1908 च्या नोंदणी कायद्यानुसार दस्त नोंदविला जातो, मालकी नव्हे. सात-बाऱ्यावरील नोंद विरुद्ध पुरावा येईपर्यंतच खरी मानली जाते. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील अभ्यासक डॉ. डी. सी. वाधवा यांनी 1989 मध्ये नियोजन आयोगाला दिलेल्या अहवालात टॉरेन्स पद्धतीचीच शिफारस केली होती. 2008 मध्ये केंद्र सरकारने भूमी अभिलेखांच्या आधुनिकीकरणाचा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हाही मालकीची हमी हेच अंतिम उद्दिष्ट ठेवण्यात आले. सात-बारा संगणकावर आला, त्यावर डिजिटल स्वाक्षरीही आली. पण त्यामागे शासनाची हमी आलेली नाही.

ती द्यायची तर आधी नोंदी खऱ्या असाव्या लागतील. बहिणींची नावे न लागलेला वारस फेरफार, तोंडी वाटणी, कुळाचा न नोंदलेला ताबा, आदिवासींची वहिवाट, हे सारे वहीत येण्यापूर्वीच पान पक्के झाले, तर कौर्ना लोकांवर झालेला अन्याय येथेही होऊ शकतो. टॉरेन्स यांनी नोंदीला अधिकार दिला आणि त्याबरोबर चुकीची भरपाईही शासनाच्या माथी ठेवली. त्यातील पहिला भाग कोणत्याही शासनाला हवासा वाटणारा आहे. दुसरा स्वीकारण्याची तयारी झाली, तरच शोध अहवालाच्या फेऱ्यातून सामान्य माणसाची सुटका होईल.