पंडिता रमाबाई आणि दुःखितांचीं स्तोत्रें

आमच्या नांदेड व लातूर भागांतील खेड्यांत सायंप्रार्थनेस मंडळी जमली म्हणजे कांहीं ठराविक स्तोत्रें वारंवार वाचण्यांत येतात. मेंढपाळाचें 23 वें, उपकारस्मरणाचें 103 रें आणि पीक घरांत आलें म्हणजे 65 वें. हीं स्तोत्रें गोड आहेत व तीं वाचावींच. परंतु स्तोत्रसंहितेंतील 150 स्तोत्रांपैकीं सुमारें तिसरा हिस्सा गाऱ्हाण्यांचा व अश्रूंचा आहे. तीं पानें आम्ही बहुधा न वाचतां उलटून टाकतों. देवाच्या लेकरानें रडूं नये, रडणें हें विश्वास डळमळल्याचें चिन्ह होय, अशी एक समजूत आमच्या मंडळ्यांत शिरली आहे. ही समजूत कितपत खरी, हें पाहण्यास पंडिता रमाबाईंचें चरित्र फार उपयोगीं पडेल.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे मोठे संस्कृत पंडित होते. स्त्रियांस संस्कृत शिकविणें त्या काळीं निंद्य मानीत. तरी शास्त्रीबोवांनीं निंदा सोसून पत्नीस शिकविलें, आणि त्या माउलीनें पहाटे उठून मुलीस शिकविलें. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं फिरे व पुराण सांगून जें मिळेल त्यावर राही.

पुढें मद्रास इलाख्यांत दुष्काळ पडला. जवळचा पैसा संपला, भांडीं व दागिने विकले. अंगमेहनतीचें काम त्यांस ठाऊक नव्हतें आणि भीक मागण्याची लाज वाटे. कित्येक दिवस त्यांनीं रानांत नुसतें पाणी व झाडपाला ह्यांवर काढले. 1874 सालीं वडील गेले, त्यांच्या मागोमाग आई गेली, आणि थोड्याच काळानें वडील बहीणहि गेली. आईचें प्रेत उचलण्यास माणसें मिळेनात. दोन ब्राह्मणांस दया आली, तिसरा भाऊ झाला आणि चौथी ती पोरकी मुलगी. उंची कमी म्हणून तिरडी खांद्यावर येईना, तेव्हां तिनें तो भार डोक्यावर घेतला. वाचकहो, येथें क्षणभर थांबा. पुढें जिला सर्व जगानें मान दिला, तिच्या डोक्यावर पहिला भार हा पडला होता.

उरलीं दोघें बहीणभाऊ. श्रीनिवास व रमा ह्यांनीं हिंदुस्थानभर पायीं प्रवास केला. पंजाबच्या थंडींत पांघरूण नव्हतें, म्हणून नदीकांठच्या वाळूंत खड्डे करून त्यांत तीं निजत. 1878 सालीं तीं कलकत्त्यास पोंहोंचलीं. तेथील विद्वानांनीं रमाबाईंची परीक्षा घेऊन त्यांस पंडिता व सरस्वती ह्या पदव्या दिल्या. परंतु 1880 सालीं भाऊ वारला. त्याच वर्षीं त्यांचा विवाह बंगाली वकील बिपिनबिहारी मेधावी ह्यांच्याशीं झाला. मनोरमा नांवाची कन्या झाली, आणि फेब्रुवारी 1882 मध्यें पतीस पटकीनें नेलें. आईबाप, बहीण, भाऊ व पति असे सर्व आधार वयाच्या 24 व्या वर्षाच्या आंतच गेले, आणि कडेवर एक तान्हें मूल राहिलें.

आसामांत सिल्चर येथें पति हयात असतांच त्यांच्या घरच्या पुस्तकांत रमाबाईंस लूकचें शुभवर्तमान बंगालींत सांपडलें होतें. त्याचा ओघ पुढें त्यांस इंग्लंदास घेऊन गेला, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजीं वाँटेज येथें मुलीसह त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांनीं पुढें स्वतःच कबूल केलें कीं, बाप्तिस्म्यानंतर कित्येक वर्षें आपणांस धर्म मिळाला होता, पण तारणारा मिळाला नव्हता. 1891 च्या सुमारास ती शांति त्यांस लाभली. इतक्या विदुषीनें आठ वर्षें हा अंधार सोसला व तो लपविला नाहीं, ही गोष्ट आम्हां उपदेशकांनीं नीट ध्यानांत ठेवावी. मन कोरडें असतांना भरल्याचें सोंग त्यांनीं केलें नाहीं. गाऱ्हाण्यांच्या स्तोत्रांची वाटहि हीच आहे. 13 वें स्तोत्र आणखी किती काळ, ह्या प्रश्नानें सुरू होतें आणि गाण्यानें संपतें. 88 वें तर अंधारांतच संपतें. तरी तेंहि पवित्र शास्त्रांतच आहे, कारण तें देवाकडे तोंड करून बोलतें.

1889 सालीं रमाबाईंनीं मुंबईस विधवांसाठीं शारदासदन काढलें व तें पुढें पुण्यास नेलें. 1893 सालीं लोकापवाद उठून पुष्कळ मुली काढून नेण्यांत आल्या. तरी काम थांबलें नाहीं. 1896 च्या अखेरीस मध्यप्रांतांत दुष्काळ पडल्याचें त्यांनीं ऐकलें, आणि आपल्या लहानपणचा दुष्काळ त्यांच्या डोळ्यांपुढें उभा राहिला. त्या स्वतः तेथें गेल्या व सुमारें 300 मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यांत प्लेगाच्या भीतीनें इतक्यांस ठेवून घेण्यास मनाई झाली, तेव्हां केडगांवच्या शेतांत तंबू व झोंपड्या टाकून त्यांनीं त्या लेकरांस निवारा दिला. ह्यांतूनच मुक्तिसदन उभें राहिलें. विहिरी खणल्या, शेत पिकविलें, सुतकाम, विणकाम व छापखाना चालविला. 1900 च्या दुष्काळांत गुजराथेंतील पोरक्या मुली आल्या, तेव्हां तेथें सुमारें दोन हजार जीव जेवत होते. देव हा पोरक्यांचा बाप व विधवांचा कैवारी आहे, असें 68 वें स्तोत्र सांगतें. जिनें स्वतः झाडपाला खाल्ला होता, तिच्या हातून तो बाप आतां इतरांस भाकर वाढीत होता.

ह्या सर्व धांवपळींत त्यांनीं एक मोठें काम हातीं घेतलें. त्या वेळचें मराठी पवित्र शास्त्र संस्कृत शब्दांनीं भरलेलें असून तें अडाणी बायांस कळत नाहीं, असें त्यांस वाटे. ज्यांची सारी विद्याच संस्कृतांत, त्या बाईंनीं हें म्हणावें हें आश्चर्य होय. पन्नाशीच्या सुमारास त्या इब्री व ग्रीक शिकल्या, आणि मूळ भाषांवरून सबंध शास्त्र सोप्या मराठींत उतरवूं लागल्या. कान तर फार वर्षें मंद झाले होते. खिळे जुळविणें, छापणें, पुस्तकें बांधणें हें सर्व मुक्तींतील स्त्रियाच करीत. त्यांतील कित्येकींस दुष्काळानें तेथें आणून टाकलें होतें. दाविदाचीं आसवें इब्री भाषेंतून केडगांवच्या छापखान्यांत आलीं, तीं अशा हातांनीं छापलीं गेलीं.

शेवटचा घाव अजून उरला होता. मनोरमाबाई आईचा उजवा हात होत्या. केडगांवचें काम संभाळून त्यांनीं आमच्या शेजारच्या गुलबर्ग्यास, तेव्हांच्या निजामाच्या मुलखांत, मुलींची शाळा चालविली. जुलै 1921 मध्यें वयाच्या 40 व्या वर्षीं त्या वारल्या. रमाबाईंचें जें एकुलतें एक माणूस उरलें होतें, तेंहि गेलें. त्यांनीं तपासण्याचे कागद पुन्हां हातीं घेतले. भाषांतराचें काम पुरें झालें आणि 5 एप्रिल 1922 रोजीं त्या झोंपेंतच प्रभूकडे गेल्या. सबंध शास्त्र छापून 1924 सालीं बाहेर पडलें.

प्रिय वाचकहो, आमच्या भागाची गोष्ट तुम्हांस सांगावयास नको. 1972 चा दुष्काळ वडीलधाऱ्यांनीं पाहिला आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या परिसरांत घरेंच्या घरें माणसांवर कोसळलीं. 2016 सालीं लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें. ह्यांखेरीज पेपरांत न येणारीं दुःखें घरोघर आहेत: सोयाबीन काळें पडतें, सावकार दारांत बसतो, कर्ता पुरुष जातो. अशा घरीं आम्ही प्रार्थनेस जातों. आम्ही स्वतः तरुणपणीं अशाच एका घरीं, नुकतीच विधवा झालेल्या बाईस, रडूं नका, विश्वास ठेवा, असें सांगून आलों. ती गप्प झाली, पण तिचें सांत्वन झालें नाहीं. पुढें कित्येक महिने ती उपासनेस आली नाहीं. दोष तिचा नव्हता. आम्ही तिच्या तोंडचें स्तोत्र काढून घेतलें होतें.

म्हणून उपदेशक बंधूंस आमची विनंति आहे. शोक असलेल्या घरीं जाल तेव्हां आधीं बसा, ऐका, आणि मग 13 वें, 42 वें किंवा 130 वें स्तोत्र हळू वाचा. मध्येंच गाळूं नका आणि आनंदाच्या ओळींकडे घाईनें धांवूं नका. ज्यांस वाचतां येत नाहीं, त्यांस त्यांच्याच बोलींत अर्थ सांगा. ह्याच एका कामासाठीं रमाबाईंनीं आपलें उतारवय खर्चिलें. आणि ज्यास सांत्वन मिळालें आहे, त्यानें शेजारच्या उपाशी घराकडे पाहावें, कारण स्तोत्रांतील सांत्वन एकट्यानें घरांत कोंडून ठेवण्याचें नव्हे.

ज्या मुलीनें आईचा भार डोक्यावर वाहिला, तिचा भार वाहणारा एक होता. तो तुमचाहि भार वाहील. तो जड आहे, हें त्यास सांगण्याची लाज धरूं नका.