एका यंत्रात सगळी यंत्रं

हा लेख मी लिहायला घेतला तो एका खेळामुळे. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत माझा मावसभाऊ आमच्या अफझलगंजच्या घरी राहायला आला होता. त्याला जुन्या कॉम्प्युटरचं भारी वेड. पण खरे जुने कॉम्प्युटर ठेवायला घरात जागा नाही, आणि मिळाले तरी चालू होतील याची खात्री नाही. म्हणून तो एम्युलेटर वापरतो. एम्युलेटर म्हणजे असा प्रोग्राम, जो आजच्या लॅपटॉपच्या पोटात तीस-पस्तीस वर्षांपूर्वीचा अख्खा कॉम्प्युटर उभा करतो. आत चालणाऱ्या जुन्या प्रोग्रामला आपण नव्या मशीनवर आहोत याचा पत्ताही लागत नाही.

दादाने त्याच्या आणि माझ्या लॅपटॉपवर डॉसबॉक्स नावाचा एम्युलेटर टाकला आणि गाड्यांच्या शर्यतीचा एक जुना खेळ लावला. दोघांना एकत्र खेळायचं तर दोन्ही कॉम्प्युटर जोडायला हवेत. आता तो खेळ निघाला तेव्हा घरोघरी वायफाय कुठलं! त्या काळी कॉम्प्युटर केबलने जोडायचे आणि असे खेळ बऱ्याचदा आयपीएक्स नावाच्या पद्धतीने एकमेकांशी बोलायचे. डॉसबॉक्स काय करतो, तर खेळाने पाठवलेलं आयपीएक्सचं पाकीट उचलतो, आजच्या इंटरनेटच्या पाकिटात घालतो आणि पलीकडे रवाना करतो. पलीकडचा डॉसबॉक्स बाहेरचं पाकीट फोडून आतलं जुनं पाकीट आपल्या खेळाच्या हाती देतो. खेळाला शेवटपर्यंत वाटत राहतं की आपल्याला केबल लावलेली आहे. आमच्या घराच्या भिंती जाड. वायफाय अडखळलं की गाड्या जागच्या जागी थिजायच्या, कारण पाकीट इतकं उशिरा येईल ही त्या बिचाऱ्या खेळाची अपेक्षाच नव्हती.

आजी शेजारी लसूण सोलत बसली होती. तिने बराच वेळ हे पाहिलं आणि विचारलं, की यंत्रं खरी नाहीत, तारही नाही, मग तिथे आहे तरी काय? दादाने तिला समजवायचा प्रयत्न केला, पण शेवटी हसून एवढंच सांगितलं की ही सगळी करणी ॲलन ट्युरिंगची.

ट्युरिंग हे नाव मला परीक्षेपुरतं माहीत होतं. कॉम्प्युटर विज्ञानाचे जनक, एक मार्क. पण आजीचा प्रश्न डोक्यातून जाईना. मग काही दिवस मी घराजवळच्या स्टेट सेंट्रल लायब्ररीत जाऊन बसले. मुसी नदीच्या काठावरची ती भव्य इमारत तुम्ही बसमधून नक्की पाहिली असेल. निजामाच्या काळातली आसफिया लायब्ररी ती हीच. १९३६ साली ती या इमारतीत आली. वाचता वाचता कळलं की ट्युरिंगने आपला तो प्रसिद्ध निबंध लिहिला तोही १९३६ मध्येच. योगायोगच, पण मला तेवढ्याने तो माणूस जरा जवळचा वाटायला लागला.

तसा त्याचा आपल्या देशाशी खराखुरा संबंध होता. त्याचे वडील ज्युलियस ट्युरिंग मद्रास इलाख्यात आयसीएस अधिकारी होते. आई सारा हिचे वडील मद्रास रेल्वेचे मुख्य अभियंता. थोरला भाऊ जॉन जन्मला तो निलगिरीतल्या कुन्नूरला. ॲलनचा जन्म मात्र लंडनमधला, २३ जून १९१२ चा. आईवडील पुन्हा भारतात आले आणि दोन्ही मुलं इंग्लंडमध्ये एका निवृत्त कर्नलच्या घरी वाढली. त्या काळी साहेबांच्या घरची ही रीतच होती. तरी आईवडील जिवंत असताना परक्या घरी वाढणारं ते पोर माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही.

मुलगा हट्टी होता. १९२६ मध्ये शेरबोर्नच्या शाळेत पहिल्यांदा जायचं होतं, त्याच वेळी देशभर संप सुरू झाला आणि गाड्या बंद पडल्या. तेरा वर्षांचा ॲलन साऊथॅम्प्टनहून सायकल काढून निघाला, वाटेत एक रात्र मुक्काम केला आणि शंभरेक किलोमीटर कापून शाळेत हजर झाला. शाळेत त्याचं अक्षर वाईट, लॅटिन कच्चं, आणि गणितात मात्र मास्तरांना न शिकवलेल्या गोष्टी तो करून दाखवायचा. तिथेच त्याला ख्रिस्तोफर मॉरकॉम हा मित्र भेटला. दोघं मिळून ताऱ्यांबद्दल बोलायचे, रसायनांचे प्रयोग करायचे. फेब्रुवारी १९३० मध्ये ख्रिस्तोफर क्षयाने गेला. ॲलन तेव्हा १७ वर्षांचा होता. मित्राचं मन त्याच्या शरीराबरोबरच संपलं का, हा प्रश्न त्याने पुढे मित्राच्या आईला लिहिलेल्या पत्रांतून छेडला. विचार करणं म्हणजे नेमकं काय, या प्रश्नाने त्याला पुढे आयुष्यभर सोडलं नाही.

केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात तो शिकला आणि २२ व्या वर्षी तिथेच फेलो झाला. त्या काळात गणितज्ञांपुढे एक मोठा प्रश्न होता. गणितातलं कुठलंही विधान दिलं, तर ते सिद्ध होईल की नाही हे हमखास सांगणारी एखादी ठरावीक पद्धत असू शकते का? ट्युरिंगने उत्तर दिलं की अशी पद्धत असू शकत नाही. अमेरिकेतल्या अलोन्झो चर्चनेही वेगळ्या वाटेने त्याच सुमारास हेच दाखवलं. पण ट्युरिंगची वाट फार साधी आणि फार अजब होती. त्याने कागदावर एक यंत्र कल्पिलं. एक लांबच लांब पट्टी, तिच्यावर चौकोन, प्रत्येक चौकोनात एक चिन्ह. यंत्र एका वेळी एकच चौकोन वाचतं, हवं तर चिन्ह बदलतं आणि एक घर डावीकडे किंवा उजवीकडे सरकतं. बस, एवढंच. एखादा कारकून कागद-पेन्सिल घेऊन जो हिशोब करू शकेल, तो हे यंत्रही करू शकतं.

मग त्याने पुढचं पाऊल टाकलं. एका यंत्राच्या वागण्याचे नियमच पट्टीवर लिहून दुसऱ्या यंत्राला दिले तर? ते दुसरं यंत्र नियम वाचेल आणि हुबेहूब पहिल्यासारखं वागेल. म्हणजे प्रत्येक कामाला वेगळं यंत्र नको. एकच सार्वत्रिक यंत्र पुरे, त्याला फक्त वर्णन वाचायला द्या. वाचताना मी इथे थांबले. आजीला हवं होतं ते उत्तर हेच होतं. आमच्या लॅपटॉपमध्ये जुना कॉम्प्युटर नव्हता, जुन्या कॉम्प्युटरचं वर्णन होतं. केबल नव्हती, पण केबलने कसं वागायचं याचे नियम होते.

१९३९ च्या सप्टेंबरमध्ये ब्रिटनने युद्ध पुकारलं आणि दुसऱ्याच दिवशी ट्युरिंग ब्लेचली पार्क इथे रुजू झाला. जर्मन सैन्याचे संदेश बिनतारी यंत्रणेवरून जायचे. हवेतलं बोलणं कुणीही ऐकू शकतो, म्हणून ते एनिग्मा नावाच्या यंत्रातून गुप्त करून पाठवत. त्या यंत्राची मांडणी इतक्या प्रकारांनी करता यायची की तो आकडा १५९ वर १८ शून्यं एवढा होतो. पोलंडच्या गणितज्ञांनी एनिग्माचं गुपित युद्धाआधीच फोडलं होतं आणि १९३९ च्या जुलैत त्यांनी ते ब्रिटिशांना दिलं. त्यांचं ऋण विसरून चालणार नाही. जर्मनांनी पद्धत कडक केल्यावर नवं काहीतरी हवं होतं. ट्युरिंगने बॉम्ब नावाच्या यंत्राचा आराखडा केला, पहिलं यंत्र मार्च १९४० मध्ये आलं आणि गॉर्डन वेल्चमनने केलेली मोठी सुधारणा पुढच्या यंत्रांत आली. त्याच्या आत काय होतं माहितीये? एनिग्माच्या अनेक नकला, एकमेकींना तारांनी जोडलेल्या. संदेशातला एखादा शब्द अंदाजाने धरायचा आणि न जुळणाऱ्या मांडण्या झपाझप बाद करायच्या. शत्रूचं यंत्र हाती असण्याची गरजच नाही, त्याची नक्कल पुरते. युद्ध संपेपर्यंत अशी दोनशेच्या आसपास यंत्रं तयार झाली आणि ती चालवण्याचं काम मुख्यतः तरुण मुलींनी केलं. जर्मन नौदलाचे संदेश फोडणारा विभाग ट्युरिंगकडे होता. अटलांटिक ओलांडणारी अन्नधान्याची जहाजं पाणबुड्यांपासून वाचवणं त्यावर अवलंबून होतं.

युद्धानंतर त्याने खऱ्या इलेक्ट्रॉनिक कॉम्प्युटरचा आराखडा लिहिला आणि १९४८ मध्ये मँचेस्टरला गेला. त्याच सुमारास एका मित्राबरोबर त्याने बुद्धिबळाचा प्रोग्राम लिहिला. पण तो चालवू शकेल असं यंत्र जगात नव्हतं. मग १९५२ मध्ये तो स्वतःच यंत्र झाला. नियमांचा कागद पुढे ठेवून प्रत्येक चाल हाताने काढायची, एकेका चालीला अर्धा-अर्धा तास. तो डाव हरला! २०१२ मध्ये हाच प्रोग्राम आजच्या कॉम्प्युटरवर पुन्हा उभा केला, तेव्हा कास्पारोव्हने त्याला १६ चालींत हरवलं. पण साठ वर्षं कागदावर पडलेलं यंत्र खेळलं, हे काय कमी आहे?

आता पुढचा भाग. बाबांनी लेखाचा कच्चा खर्डा वाचला आणि इथून पुढचं गाळावं असं सुचवलं. कॉलेजचा अंक आहे, मोठी माणसंही वाचतात, कामाबद्दल लिहिलंस तेवढं पुरे, असं त्यांचं म्हणणं. मी दोन दिवस विचार केला.

१९५२ च्या जानेवारीत ट्युरिंगच्या घरी चोरी झाली. तो पोलिसांकडे गेला. चौकशीत त्याचे एका तरुणाशी संबंध असल्याचं निघालं आणि त्याने ते लपवलं नाही. इंग्लंडात तेव्हा तो गुन्हा होता. तक्रार करायला गेलेला माणूसच आरोपी झाला. तुरुंग टाळायचा तर वर्षभर हार्मोनचे उपचार घ्यायचे, अशी अट घातली गेली आणि त्याने ती मान्य केली. शरीर बदललं. सरकारी गुप्त कामाची दारं बंद झाली. ज्या देशाची जहाजं त्याने वाचवली, त्या देशाच्या कोर्टात तो उभा होता आणि युद्धात काय केलं हे सांगायलाही त्याला बंदी होती. ७ जून १९५४ रोजी विल्मस्लोच्या घरी सायनाइडने त्याचा मृत्यू झाला. वय ४१. चौकशीत आत्महत्या असं नोंदलं गेलं. आईला मात्र तो प्रयोगातला अपघात वाटला.

ब्रिटिश सरकारने २००९ मध्ये माफी मागितली. २०१३ मध्ये राणीने त्याला मरणोत्तर क्षमा दिली. २०२१ पासून ५० पौंडांच्या नोटेवर त्याचा चेहरा आहे. आपल्याकडे इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ कलमही याच जातीचं. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांना ते लागू होणार नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. म्हणजे आपण शाळेत होतो तेव्हाची गोष्ट ही.

बाबांना मी शेवटी एवढंच सांगितलं. त्याचं काम सरकारने गुप्ततेपोटी तीसेक वर्षं दाबून ठेवलं आणि त्याचं दुःख लोकांनी लाजेपोटी. मी हा भाग गाळला तर दुसऱ्या गोष्टीत माझाही हात लागेल. बाबा काही बोलले नाहीत, पण खर्ड्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका त्यांनी दुरुस्त करून दिल्या. हा भागसुद्धा.

लेख पुरा झाल्यावर मी तो आजीला वाचून दाखवला. यंत्रांचा भाग तिने शांतपणे ऐकला. वर्णनावरून यंत्र उभं राहतं हे तिला पटलं, कारण तिच्या आईच्या हातचा मसाला ती अजून तसाच करते, आई नसताना. मग तिने विचारलं, की त्या मुलाच्या आईला तरी कळलं का तिचा मुलगा कोण होता? मी सांगितलं, की सारा ट्युरिंगने मुलाचं चरित्र लिहिलं, ते १९५९ मध्ये छापून आलं, पण तेव्हा युद्धातल्या कामाबद्दल कुणालाच बोलायची परवानगी नव्हती. ती गुपितं १९७४ च्या सुमारास उघड होऊ लागली आणि १९७६ मध्ये आई गेली.

आजीने मनातल्या मनात हिशोब केला. दोन वर्षं मिळाली म्हणायची, एवढं बोलून ती उठली आणि आत गेली.