जोसेफ रेनी : चार्ल्सटनचा न्हावी, प्रतिनिधिगृहाचा सभासद

इ.स. १८७० च्या डिसेंबर महिन्याच्या १२ तारखेस अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात दक्षिण कॅरोलायना राज्याच्या एका नव्या सभासदाचा शपथविधी झाला. सभासदाचे वय अडतीस वर्षांचे, बोलणे मृदू, पोशाख नेटका आणि व्यवसाय न्हाव्याचा. जन्माने तो गुलाम होता. जोसेफ हेन रेनी हे त्याचे नाव. त्या गृहात प्रत्यक्ष स्थानापन्न झालेले ते पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी होत. त्यांच्या आधी, १८६८ साली, लुइझियानातून जॉन विलिस मेनार्ड निवडून आले होते. परंतु गृहाने त्यांना आसन दिले नव्हते. सेनेटमधील पहिले कृष्णवर्णीय सभासद हायरम रेव्हल्स हे १८७० च्या फेब्रुवारीतच तेथे पोहोचले होते आणि तरुणपणी तेही उत्तर कॅरोलायनात हजामतीचा धंदा शिकले होते. एकाच वर्षात दोन्ही सभागृहांची दारे ज्यांनी प्रथम उघडली, त्या दोघांच्याही हातांनी वस्तरा धरलेला असावा, हा निव्वळ योगायोग नव्हे.

बलुतेदारीच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला येथे एक भेद ध्यानात घ्यावा लागेल. आपल्याकडे न्हाव्याचे काम जातीने ठरले. अमेरिकेच्या दक्षिणेत ते वर्णाने ठरले. दुसऱ्याची दाढी करणे हे सेवकाचे काम, म्हणून गोऱ्या माणसाने ते करू नये, अशी तेथील समजूत होती. परिणामी शहरांतील उत्तमोत्तम केशकर्तनालये कृष्णवर्णीयांच्या हाती आली. आरसे, मखमली खुर्च्या, सुगंधी तेले आणि गोऱ्या सभ्य गृहस्थांचा राबता, असे त्यांचे वैभव असे. या वैभवाची एक अट होती : त्या खुर्चीवर कृष्णवर्णीय गिऱ्हाईक बसता कामा नये. म्हणजे ज्या भेदभावाने न्हाव्याला हीन ठरविले त्याच भेदभावावर त्याची मिळकत उभी होती. या नात्याच्या पोटात दडलेली भीती हर्मन मेल्व्हिल यांनी १८५५ साली ‘बेनितो सेरेनो’ या कथेत नेमकी पकडली आहे. तिच्यात एक गुलाम गोऱ्या कप्तानाची श्मश्रू करीत असतो आणि पाते कप्तानाच्या गळ्याशी असते. प्रत्यक्ष जीवनात मात्र दक्षिणेतील जमीनदार रोज सकाळी निर्धास्तपणे मान मागे टाकून डोळे मिटीत असत. हा विश्वास संपादन करणे आणि तो कधीही ढळू न देणे हीच त्या धंद्याची खरी कला होती.

जोसेफ रेनी यांचा जन्म २१ जून १८३२ रोजी जॉर्जटाऊन या भातशेतीच्या प्रदेशातील बंदराच्या गावी झाला. वडील एडवर्ड रेनी हे गुलाम असले तरी न्हावीकाम स्वतंत्रपणे करण्याची मुभा त्यांना होती. मिळकतीचा ठरीव भाग मालकाला द्यायचा आणि उरलेला गाठीला बांधायचा, अशा रीतीने पैसा साठवून त्यांनी १८४० नंतरच्या काही वर्षांत स्वतःचे व कुटुंबाचे स्वातंत्र्य विकत घेतले. पुढे हे कुटुंब चार्ल्सटनला आले आणि तेथील मिल्स हाउस या प्रतिष्ठित हॉटेलात एडवर्ड यांचा जम बसला. मुलानेही तोच धंदा उचलला. शाळेचे रीतसर शिक्षण त्यांना मिळाले नाही. जे मिळाले ते खुर्चीमागे उभे राहून ऐकलेल्या संभाषणांतून मिळाले असावे, असा तर्क त्यांच्या पुढील काळातील सुसंस्कृत, मोजक्या बोलण्यावरून करता येतो.

एक गोष्ट चरित्रलेखकाने झाकून ठेवण्यासारखी नाही. एडवर्ड रेनी यांनी १८५० नंतरच्या दशकात स्वतः दोन गुलाम खरेदी केले. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयाने गुलाम बाळगणे त्या काळी अगदीच अपवादात्मक नव्हते. मिसिसिपीतील नॅचेझ गावचे विल्यम जॉन्सन, ज्यांची दैनंदिनी पुढे प्रसिद्ध पावली, तेही न्हावी होते आणि तेही गुलामांचे धनी होते. ज्या समाजात मालमत्ता हेच माणूसपणाचे प्रमाणपत्र मानले जाते तेथे मुक्त माणूसही त्याच प्रमाणपत्रामागे धावतो, एवढाच याचा उलगडा करता येईल. समर्थन नाही.

मुक्तता ही तरी कितपत मुक्तता होती? दक्षिण कॅरोलायनात १८२२ च्या कायद्यान्वये प्रत्येक मुक्त कृष्णवर्णीय पुरुषाला एक गोरा पालक दाखवावा लागे आणि राज्याबाहेर गेलेल्यास परत येण्याची बंदी होती. १८५९ साली रेनी फिलाडेल्फियाला गेले आणि सुझन नावाच्या युवतीशी विवाह करून परतले. हे परतणे कायद्याविरुद्ध होते; वजनदार परिचितांनी मध्यस्थी केली म्हणून निभावले, असे चरित्रकार सांगतात. हे परिचित कोठे जोडले गेले असतील हे वेगळे सांगावयास नको.

यादवी युद्ध पेटले आणि या परिचयांची मर्यादा उघडी पडली. बंडखोर राज्यांच्या लष्कराने रेनींना वेठीस धरले. चार्ल्सटनच्या संरक्षणासाठी खंदक खणणे आणि नाकेबंदी चुकवून जाणाऱ्या जहाजांवर खानपानाची सेवा करणे ही कामे त्यांच्या वाट्याला आली. स्वतःच्या समाजाला दास्यात ठेवण्यासाठी लढणाऱ्या सैन्याची चाकरी करणे म्हणजे काय, याचा अनुभव त्यांनी या काळात घेतला. १८६२ साली ते पत्नीसह निसटून बर्म्युडा बेटावर पोहोचले. त्याच वर्षी रॉबर्ट स्मॉल्स या गुलाम नावाड्याने चार्ल्सटनच्याच बंदरातून ‘प्लँटर’ हे जहाज पळवून उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केले आणि तो रातोरात वीरपुरुष ठरला. रेनींचे पलायन तसे गाजले नाही.

बर्म्युडा ही ब्रिटिश वसाहत. तेथील गुलामगिरी १८३४ सालीच संपलेली होती. सेंट जॉर्जेस या गावी जुन्या टकर हाउसच्या स्वयंपाकघराच्या जागेत रेनींनी दुकान मांडले आणि सुझन यांनी शिवणकाम सुरू केले. नाकेबंदीच्या व्यापाराने गाव गजबजले होते. खलाशी, व्यापारी, दोन्ही पक्षांचे हेर अशी गिऱ्हाइके येत. दुकानालगतच्या बोळाला न्हाव्याचा बोळ हे नाव पडले ते अद्याप टिकून आहे. या चार वर्षांचे मोल केवळ शिल्लक पडलेल्या पैशात मोजता येत नाही. कृष्णवर्णीय माणूस कायद्याने बरोबरीचा असतो असा समाज रेनींनी येथे प्रथम पाहिला, आणि त्यात ते राहिले.

१८६६ साली ते मायदेशी परतले, ते हाती थोडी पुंजी आणि अंगी थोडी प्रतिष्ठा घेऊनच. दक्षिणेत पुनर्रचनेचा काळ सुरू होत होता. दक्षिण कॅरोलायनाच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १८७० च्या शिरगणतीनुसार शेकडा ५९ होते. मताधिकार मिळताच राज्याचे राजकारण पालटले. रेनी जॉर्जटाऊनचे प्रतिनिधी म्हणून १८६८ च्या राज्यघटना परिषदेत बसले, पुढे राज्याच्या सेनेटवर निवडून आले व तेथील अर्थसमितीचे अध्यक्ष झाले. घटना परिषदेत त्यांनी जी भूमिका घेतली ती मवाळ होती : युद्धपूर्व कर्जे फेडली जावीत आणि मतदारावर कर बसवावयाचाच असेल तर त्याचे उत्पन्न शिक्षणासाठी खर्ची पडावे. प्रतिनिधिगृहातील बेंजामिन व्हिटमोर यांच्यावर लष्करी विद्यालयांतील नेमणुका विकल्याचा ठपका येऊन त्यांनी राजीनामा दिला. ते फेरनिवडून आले, पण गृहाने त्यांना बसू दिले नाही. आणि त्या रिकाम्या जागी रेनी निवडून आले.

त्यांच्या मवाळपणावर त्या वेळीही टीका झाली, पुढील इतिहासकारांनीही केली. गोऱ्यांना सांभाळून घेणारा, खुर्चीमागे उभे राहण्याची सवय न सुटलेला माणूस, असे त्यांचे एक चित्र रंगविले गेले. हे चित्र अन्यायाचे आहे. १ एप्रिल १८७१ रोजी कु क्लक्स क्लॅनच्या अत्याचारांविरुद्धच्या विधेयकावर ते बोलले तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. दक्षिणेत मतदारांचे खून होत आहेत, राज्यसरकारे हतबल आहेत आणि नागरिकाच्या जीविताचे रक्षण हे घटनेने केंद्रावर सोपविलेले कर्तव्य आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. २० एप्रिलला विधेयकाचा कायदा झाला. मे महिन्यात रेनींना लाल शाईने लिहिलेले धमकीचे पत्र आले. ऑक्टोबरमध्ये अध्यक्ष ग्रँट यांनी दक्षिण कॅरोलायनाच्या नऊ परगण्यांत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागण्याचा अधिकार स्थगित केला व क्लॅनचा कणा काही काळ मोडला. धोका जाणून रेनींनी पुढे कनेक्टिकटमधील विंडसर गावी उन्हाळ्यापुरते एक घर घेतले, परंतु मतदारसंघ सोडला नाही. १८७२ साली ते बिनविरोध निवडून आले.

२९ एप्रिल १८७४ रोजी इंडियन जमातींविषयीच्या खर्चाच्या विधेयकावर चर्चा चालू असताना रेनी यांना अध्यक्षांच्या आसनावर बसविण्यात आले. गृहाचे कामकाज कृष्णवर्णीय सभासदाने चालविण्याचा हा पहिला प्रसंग. याच्या आदल्याच वर्षी, १८७३ मध्ये, पुण्यात जोतीराव फुले यांचे ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध झाले होते आणि दास्यविमोचनाच्या कार्यासाठी ते अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केलेले होते. फुल्यांच्या नजरेसमोर ज्या अमेरिकेचे चित्र होते तिचे सर्वांत आशादायक रूप म्हणून त्या दिवशीच्या अध्यक्षासनाकडे बोट दाखविता आले असते. चित्राची दुसरी बाजूही होती. याच कालखंडात व्हर्जिनियातील सफोक गावच्या हॉटेलात रेनी भोजनगृहात बसले असता त्यांना उठण्यास सांगण्यात आले. ते उठले नाहीत. तेव्हा हॉटेलच्या कारकुनाने त्यांना खुर्चीवरून ओढून लाथ मारून रस्त्यावर काढले. ज्याचे तारुण्य एका हॉटेलात गोऱ्या पाहुण्यांना खुर्चीवर अदबीने बसविण्यात गेले होते, त्याच्यावर हा प्रसंग यावा!

सार्वजनिक स्थळी समान वागणूक मिळावी यासाठीचे नागरी हक्क विधेयक त्यांच्या दृष्टीने म्हणूनच तात्त्विक प्रश्न नव्हता. बंडखोरांना माफी देण्यास त्यांचा विरोध नव्हता. मात्र जेते जर एवढे उदार होणार असतील तर स्वतःच्या मित्रांच्या हक्कांविषयी त्यांनी कंजुषी का करावी, हा त्यांचा सवाल होता. वक्तृत्वात रॉबर्ट इलियट त्यांच्यापेक्षा श्रेष्ठ. १८७४ च्या जानेवारीतील इलियट यांच्या भाषणाची कीर्ती रेनींच्या वाट्याला आली नाही. १ मार्च १८७५ रोजी विधेयक संमत झाले तेव्हा शाळांचे कलम गळालेले होते. खानावळी, वाहने, नाट्यगृहे यांचा त्यात उल्लेख होता. न्हाव्याच्या दुकानाचे नाव मात्र नव्हते. ज्या दुकानांत कृष्णवर्णीय न्हावी कृष्णवर्णीयाची दाढी करीत नसे, त्यांचा प्रश्न कायद्याने जेथल्या तेथे ठेवला. १८८३ साली सर्वोच्च न्यायालयाने तर या समान वागणुकीच्या तरतुदीच घटनाबाह्य ठरविल्या.

ओहोटी त्याआधीच लागली होती. १८७४ च्या निवडणुकीत सॅम्युएल ली या स्वपक्षीय कृष्णवर्णीय उमेदवाराने रेनींना कडवी झुंज दिली आणि काही मतपत्रिकांवर रेनींचे नाव चुकीच्या अक्षरांनी छापले गेले या सबबीवर ती मते रद्द करण्याची मागणी केली. गृहाने ती मानली नाही. १८७६ च्या जुलैत हॅम्बर्ग येथे कृष्णवर्णीय नागरी सैनिकांची हत्या झाली. पुढील वर्षी संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले, मतदानाच्या जागी बंदुका आल्या, आणि १८७८ च्या निवडणुकीत जॉन रिचर्डसन यांनी रेनींना पराभूत केले. ३ मार्च १८७९ रोजी त्यांची सभासदत्वाची कारकीर्द संपली. पुनर्रचनेच्या काळात इतकी वर्षे त्या गृहात बसलेला दुसरा कृष्णवर्णीय सभासद नव्हता. हा विक्रम शिकागोचे विल्यम डॉसन यांनी विसाव्या शतकाच्या मध्यास मोडला.

यानंतरची आठ वर्षे थोडक्यात सांगता येतील. महसूल खात्यात दोन वर्षे नोकरी. प्रतिनिधिगृहाच्या चिटणीसपदासाठी खटपट, ती निष्फळ. वॉशिंग्टनमध्ये दलाली व सावकारीची पेढी, ती बुडाली. मग कोळसा आणि लाकडांच्या वखारीची व्यवस्था. एकट्या वस्तऱ्याच्या आधारे जे कुटुंब दास्यातून वर आले त्याच्या कर्त्या पुरुषाने पुन्हा वस्तरा हाती घेतल्याचा उल्लेख या वर्षांत आढळत नाही. १८८६ साली ते आजारी आणि निर्धन अवस्थेत जॉर्जटाऊनला परत आले. संसार चालावा म्हणून सुझन यांनी स्त्रियांच्या टोप्यांचे दुकान काढले. १८८७ च्या ऑगस्टमध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, रेनी तापाने वारले.

१८९५ च्या नव्या राज्यघटनेने दक्षिण कॅरोलायनातील कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ नाहीसा केला. जॉर्ज मरे यांची मुदत १८९७ साली संपल्यानंतर त्या राज्यातून प्रतिनिधिगृहात कृष्णवर्णीय सभासद यावयास १९९३ साल उजाडले. जिम क्लायबर्न हे ते सभासद. रेनींचे तैलचित्र गृहाच्या इमारतीत २००५ साली लागले आणि २०२२ साली तेथील एका दालनाला त्यांचे नाव देण्यात आले.