भाऊ दाजी आणि कडू कवठाचे तेल

राणीच्या बागेतील वस्तुसंग्रहालयाला १९७५ पासून डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव आहे, आणि बहुतेकांना ते तेवढ्यापुरतेच ठाऊक असते. पुराणवस्तूंचे संग्राहक, संस्कृतचे अभ्यासक, दोनदा मुंबईचे शेरीफ झालेले नागरिक या नात्यांनी त्यांची आठवण काढली जाते. पण हयातीत मुंबईकर त्यांना ओळखत ते प्रथम वैद्य म्हणून. त्यांच्या दाराशी येणाऱ्या रुग्णांत असे कित्येक असत की ज्यांना स्वतःच्या घरातही जागा उरलेली नव्हती. ते महारोगी होते.

भाऊंचा जन्म १८२२ चा, पेडणे महालातील मांद्र्याचा. जुन्या इंग्रजी चरित्रकोशांत हे गाव सावंतवाडी संस्थानात दाखवलेले आढळते. पेडणे पूर्वी सावंतवाडीकरांकडे होते आणि अठराव्या शतकाच्या अखेरीस ते पोर्तुगीजांकडे गेले, हे लक्षात घेतले की हा घोळ उलगडतो. वडील विठ्ठल लाड मातीच्या बाहुल्या विकून घर चालवीत. मुलाचे बुद्धिबळातील कौशल्य पाहून एका इंग्रज गृहस्थाने त्याला इंग्रजी शिक्षण देण्याचा आग्रह धरला, आणि भाऊ मुंबईच्या एल्फिन्स्टन संस्थेत दाखल झाले. पारितोषिके आणि शिष्यवृत्त्या मिळवून त्यांनी शिक्षणाचा भार वडिलांवर पडू दिला नाही. पुढे वडील वारले, तेव्हा आई आणि धाकटा भाऊ नारायण यांची जबाबदारीही त्यांच्यावर आली. कच्छ-काठेवाडातील बालहत्येच्या प्रथेवर लिहिलेल्या निबंधाला बक्षीस मिळाले, त्याच संस्थेत शिक्षकाची जागाही मिळाली. तेथेच थांबले असते तरी आयुष्य सुखाचे गेले असते.

परंतु १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज उघडले आणि भाऊंनी पुन्हा विद्यार्थी होण्याचे ठरवले. येथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्याच तुकडीत ते होते. १८५१ पासून त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय मांडला, आणि नारायणही पुढे डॉक्टर होऊन त्यांना येऊन मिळाले. श्रीमंतांकडून मिळालेला पैसा गरिबांच्या मोफत दवाखान्यात आणि हस्तलिखितांच्या खरेदीत खर्च होई. मुलींच्या शाळा, बॉम्बे असोसिएशन, विद्यापीठ, एशियाटिक सोसायटी अशा सगळीकडे त्यांची ये-जा असे. १८६२ च्या गाजलेल्या महाराज खटल्यात यदुनाथजी महाराजांच्या गुप्तरोगाविषयी ज्या डॉक्टरांनी न्यायालयात साक्ष दिली, त्यांत भाऊ होते. एका पंथाच्या गुरूविरुद्ध उभे राहून असे सांगणे त्या काळी सोपे नव्हते.

कुष्ठरोगाकडे ते वळले ते मात्र ग्रंथांच्या वाटेने. पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या त्या पहिल्या पिढीतील बहुतेकांनी वैद्यकीतील जुने ग्रंथ बाजूला ठेवले होते. भाऊ संस्कृतात मुरलेले असल्यामुळे त्यांना तसे करता आले नाही. प्राचीनांनी ज्या औषधींना अद्भुत गुण चिकटवले, त्या एकेक घेऊन रुग्णांवर पारखायच्या, असा त्यांचा क्रम होता. सुश्रुताने कुष्ठावर तुवरक नावाच्या वृक्षाच्या बियांचे तेल सांगितले आहे. हा वृक्ष पश्चिम समुद्राच्या काठच्या भूमीत वाढतो, त्याची पक्व फळे पावसाळ्याच्या तोंडावर गोळा करावीत, असे त्याचे वर्णन आहे. देशावरच्या एखाद्या पंडिताला ही खूण पुस्तकी वाटली असती. किनाऱ्यावर जन्मलेल्या माणसाला ते झाड परके नव्हते. महाराष्ट्रात त्याला कडू कवठ किंवा कवटी म्हणतात, गोव्यात खष्टेल. सह्याद्रीच्या ओढ्याकाठी ते उगवते, फळ कवठासारखे वाटोळे आणि कठीण कवचाचे, आत तेलकट बियांची दाटी. खरूज-नायट्याला हे तेल लावण्याची रीत कोकणात जुनीच आहे.

त्या काळी कुष्ठरोगाचे कारण कोणालाच ठाऊक नव्हते. नॉर्वेतील डॅनियलसन आणि बोक यांनी तो आनुवंशिक ठरवला होता. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १८६७ मध्ये तो संसर्गजन्य नसल्याचा निर्वाळा दिला. कलकत्त्यात मोआट यांनी १८५४ मध्ये पूर्वेकडील चौलमुग्रा तेलाची शिफारस केली होती, आणि कडू कवठ हे त्याच कुळातील झाड. भाऊंनी १८६० च्या दशकाच्या उत्तरार्धात या तेलाचे उपचार सुरू केले. काही रुग्णांचे चट्टे फिके पडू लागले, व्रण भरू लागले आणि बातमी मुंबईभर पसरली.

आणि नेमके येथे भाऊंनी आपले औषध गुप्त ठेवले. ते काय आहे, मात्रा किती, किती रुग्णांना किती गुण आला, हे त्यांनी वैद्यकमंडळासमोर मांडले नाही. टीका झाली, आणि ती अन्यायाची नव्हती. ग्रँट कॉलेजच्या पदवीधराने औषधाचे नाव लपवावे म्हणजे त्याने घराण्याचा नुस्खा मुलालाच सांगणाऱ्या वैदूच्या पंक्तीत जाऊन बसावे, असे समव्यवसायिकांना वाटले असेल तर त्यात नवल नाही. भाऊंच्या बाजूनेही काही बोलता येते. हा रोग वर्षानुवर्षे रेंगाळतो, मध्येच आपोआप ओसरतो आणि पुन्हा उफाळतो. रुग्णाला थोडा आराम पडला की तो गावी निघून जातो, मग तो बरा झाला की केवळ सुधारला हे सांगणार कोण? तेल पोटात घेतले की मळमळ आणि ओकाऱ्या सुरू होतात, त्यामुळे उपचार नेटाने पुरे करणारे थोडेच. खात्री पटल्याखेरीज दावा करू नये, ही वृत्ती त्यांनी शिलालेखांच्या वाचनात बाळगली होती, औषधाच्या बाबतीतही तीच असावी. तरीही त्यांचा निर्णय चुकला असेच म्हणावे लागते. अर्धवट पुराव्यानिशी उघड केलेले औषध दुसऱ्या दहा डॉक्टरांनी पारखले असते. लपवलेले औषध पारखणारा एकटाच उरला, आणि त्याच्यापाशी वेळ नव्हता.

भाऊंना पक्षाघाताने गाठले. त्याच सुमारास, १८७३ मध्ये, बर्गनमध्ये हॅन्सेन यांना कुष्ठरुग्णांच्या गाठींत जंतू दिसले. मुंबईचेच डॉ. हेन्री व्हॅनडाइक कार्टर त्याच वर्षी नॉर्वेला जाऊन तेथील काम पाहून आले. रोगाच्या आनुवंशिकतेविषयीचा जुना समज डळमळू लागला होता. भाऊ मात्र १८७४ च्या मे महिन्यात निवर्तले. त्यांचे औषध म्हणजे कडू कवठ, हे त्यांच्यामागे कळले.

पुढची कथा दूरदेशी घडली. १९०४ मध्ये लंडनच्या वेलकम प्रयोगशाळेत फ्रेडरिक पॉवर यांनी चौलमुग्रा तेलातील विशिष्ट मेदाम्ल वेगळे केले. हवाईतील तरुण संशोधिका ॲलिस बॉल हिने या तेलाच्या अम्लांपासून टोचता येईल असे औषध तयार केले आणि १९१६ च्या अखेरीस ती अवघ्या चोविसाव्या वर्षी वारली. तिचे श्रेयही काही काळ दुसऱ्याच्या नावे लागले होते. पोटात न घेता सुईने देता येऊ लागल्यावर हे तेल जगभरच्या कुष्ठरुग्णालयांत पोचले. पश्चिम घाटातील कडू कवठाच्या तेलाचाही त्यात मोठा वाटा होता. १९४० च्या दशकात सल्फोन वर्गातील औषधे आली आणि त्यानंतर तेल मागे पडले. सुई फार दुखे, गुण अनिश्चित असे, आणि ते देणाऱ्यांनाही त्याची मर्यादा कळत होती. तरी सल्फोनपूर्वीच्या काळात त्याहून बरे काही कोणापाशी नव्हते.

मांद्र्याहून गेलेल्या या मुलाचे शोधनिबंध त्यांच्या मृत्यूनंतर एकत्र छापले गेले. त्यांत कालिदासाच्या काळाची चर्चा आहे, अजिंठ्याच्या शिलालेखांचे वाचन आहे, जुन्या राजघराण्यांच्या वंशावळी आहेत. कुष्ठरोग्यांच्या उपचारांची नोंद नाही.