तांब्यात दडलेला सिलॅबस

तुमच्या घरात तांब्या असेलच. स्टीलचा, पितळेचा, निदान देवघरातला तरी. त्याच्याकडे नीट निरखून शेवटचं कधी पाहिलं होतं? चार्ल्स ईम्स नावाच्या एका अमेरिकन माणसाने पाहिलं.

ईम्सचा जन्म १९०७ चा, सेंट लुईस शहरातला. आर्किटेक्चर शिकायला गेला आणि डिग्री अर्धवट सोडली. (घरच्यांचं काय झालं असेल, विचार करा!) १९४१ मध्ये चित्रकार रेशी लग्न करून तो लॉस एंजेलिसला आला. तिथे दोघांनी राहत्या फ्लॅटमध्येच प्लायवूड वाकवायचं यंत्र जमवलं. त्या खटपटीतून आधी अमेरिकन नौदलासाठी मोडलेल्या पायाला बांधायचे स्प्लिंट आले, मग त्या गाजलेल्या खुर्च्या. काम दोघांचं, पण नाव कितीतरी वर्षं एकट्या चार्ल्सचं. हे खटकतंच.

पुढे भारत सरकारने या जोडप्याला बोलावलं. छोट्या उद्योगांना डिझाइनची मदत हवी होती, वस्तूंचा दर्जा घसरेल अशी धास्ती होती. दोघं तीन महिने देशभर फिरले आणि १९५८ मध्ये अहवाल दिला. सरकारी अहवाल म्हटलं की तुम्हाला-मला जांभईच येते. पण यात चक्क तांब्या आहे! नव्याने घडवायचा तर काय काय विचाराल? पाणी किती मावावं? उचलणारा हात बाईचा की पुरुषाचा? डोक्यावर न्यायचा की कमरेवर? भरल्यावर तोल कसा राहील? घासायला सोपा जाईल का? कशावर आपटला तर आवाज कसा येईल? कुणाला भेट देताना कसं वाटेल?

बघा, प्रत्येक प्रश्नात एक माणूस उभा आहे. पाणवठ्यावरून येणारी, भांडी घासणारी, आहेर देणारी. एन्ट्रन्ससाठी स्केचिंगचे क्लास आपण लावतो, पण ही माणसं वहीत कुठे येतात? तांब्या कुणा एकाने डिझाइन केला नाही, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांनी घडला, हेही ईम्स जोडप्याने बजावलं.

त्या अहवालानंतर १९६१ मध्ये अहमदाबादला राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली. तीच ती, एनआयडी.

१९७७ मध्ये दोघांनी ‘पॉवर्स ऑफ टेन’ हा छोटा सिनेमा केला. शिकागोतल्या पिकनिकपासून निघून तो थेट आकाशगंगांपर्यंत जातो आणि परत येऊन हाताच्या कातडीतून अणूत शिरतो. नऊच मिनिटांचा आहे, जरूर बघा.

चार्ल्स २१ ऑगस्ट १९७८ ला गेला. रे बरोबर दहा वर्षांनी, त्याच तारखेला.