मुलांच्या बागेचा माळी

लहान मुलांच्या पहिल्या शाळेला आज जगभर ‘किंडरगार्टन’ म्हणतात. या जर्मन शब्दाचा अर्थ ‘मुलांची बाग’. हा शब्द रूढ करणारे शिक्षणतज्ज्ञ फ्रीड्रिख फ्रोबेल यांच्या दृष्टीने तो केवळ अलंकार नव्हता. त्यांच्या शाळेत खरीखुरी बाग होती. तीत वाफे होते, बियाणे होते आणि चिखलाने माखलेले चिमुकले हातही होते. पुढे शब्द सर्वदूर गेला, बाग मात्र बऱ्याच ठिकाणी मागे राहिली.

फ्रोबेल यांचा जन्म २१ एप्रिल १७८२ रोजी जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात ओबरवाइसबाख या गावी झाला. वडील धर्मोपदेशक. फ्रोबेल वर्षाचेही नसताना आई निवर्तली. सावत्र आईची माया लाभली नाही आणि वडिलांना गावच्या व्यापातून सवड नव्हती. या एकाकी मुलाला झाडाझुडपांनी सोबत केली. वयाच्या पंधराव्या वर्षी वनाधिकाऱ्याच्या हाताखाली उमेदवारी करण्यासाठी त्यांना धाडण्यात आले. जंगलातील त्या दोन वर्षांत वनस्पतींच्या वाढीचा नियम त्यांच्या मनावर कायमचा ठसला. रोप ओढून लांब करता येत नाही. त्याला माती, पाणी, ऊन द्यावे आणि वाट पाहावी. मुलांच्या शिक्षणाविषयीचा त्यांचा सारा विचार पुढे याच जाणिवेवर उभा राहिला.

मधली वर्षे धडपडीत गेली. येना येथील विद्यापीठीय शिक्षण पैशाअभावी अर्धवट सुटले. १८०५ मध्ये फ्रँकफुर्टच्या एका शाळेत ते शिकवू लागले आणि आपले काम हेच, अशी त्यांची खात्री पटली. स्वित्झर्लंडमध्ये पेस्टालॉत्सी यांच्या संस्थेत १८०८ ते १८१० या काळात राहून त्यांनी अध्यापनपद्धतीचा अभ्यास केला. नेपोलियनविरुद्धच्या युद्धात ते स्वयंसेवक म्हणून लढले. १८१६ मध्ये त्यांनी स्वतःची शाळा काढली आणि पुढच्याच वर्षी ती काइलहाऊ येथे हलवली. ‘मानवाचे शिक्षण’ हा त्यांचा प्रमुख ग्रंथ १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला.

शाळेत येण्यापूर्वीच्या वयाकडे कोणाचेच लक्ष नाही, ही खंत त्यांना अस्वस्थ करीत होती. १८३७ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ब्लांकेनबुर्ग येथे लहानग्यांसाठी काम सुरू केले. लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, घन, ठोकळे अशी खेळसाधने तयार केली. १८४० मध्ये या संस्थेला त्यांनी ‘किंडरगार्टन’ हे नाव दिले.

या बागेची रचना विचारपूर्वक केलेली होती. मध्यभागी प्रत्येक मुलाचा स्वतंत्र, छोटासा वाफा आणि त्यावर त्याच्या नावाची पाटी. सभोवती सर्वांचे सामाईक वाफे. एकीकडे फुले, दुसरीकडे भाज्या व धान्ये. स्वतःच्या वाफ्यात काय लावायचे, हे मुलाने ठरवायचे. सामाईक वाफ्यांत सर्वांनी मिळून राबायचे. व्यक्तीला समाजाचा आधार असतो आणि समाजासाठी व्यक्तीने झटायचे असते, हा धडा मुलांना जमिनीच्या आखणीतूनच मिळे.

मुलांच्या वाढीच्या दृष्टीने या कामाला मोठे मोल होते. पाणी घालायला विसरले की रोप माना टाकते. तेथे शिक्षिकेने रागावण्याची गरज उरत नाही. शेजाऱ्याचा वाफा बहरला आणि आपला ओस पडला, तर कारण शोधावेसे वाटते. बी पेरल्यावर कोंब दिसेपर्यंत थांबावे लागते आणि धीर अंगी येतो. पाने मोजणे, रंग ओळखणे, रोपांची उंची ताडून पाहणे यांतून गणित आणि भाषा हसतखेळत येतात. आपल्यावाचून एखादा जीव जगणार नाही, ही जाणीव चार-पाच वर्षांच्या मुलालाही जबाबदार बनवते.

आयुष्याच्या अखेरीस मात्र फ्रोबेल यांच्यावर मोठा आघात झाला. ७ ऑगस्ट १८५१ रोजी प्रशियाच्या सरकारने किंडरगार्टनवर बंदी घातली. या शाळा निरीश्वरवाद आणि समाजवाद पसरवतात, असा आरोप ठेवण्यात आला. त्यांचे पुतणे कार्ल फ्रोबेल यांच्या मतांची गल्लत काकांच्या कार्याशी झाली होती. खुलासा करूनही निर्णय बदलला नाही. २१ जून १८५२ रोजी मारिएनथाल येथे त्यांचे निधन झाले. बंदी उठली ती १८६० मध्ये. तोवर त्यांच्या शिष्यांनी आणि बेर्था फॉन मारेनहोल्ट्स-ब्यूलो यांच्यासारख्या पाठिराख्यांनी हा विचार परदेशी नेला होता. १८५६ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील वॉटरटाऊन येथे मार्गारेट शुर्त्झ यांनी जर्मन भाषक मुलांसाठी किंडरगार्टन सुरू केले.

मराठीतील ‘बालवाडी’ हा शब्दही याच कुळातला वाटावा असा आहे. कोकणात वाडी म्हणजे नारळी-पोफळीची बागच. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा परिसरातील निसर्ग हाच त्यांच्या शिक्षणाचा मोठा आधार होता.

आज शहरांतील अनेक बालवाड्या दोन खोल्यांत भरतात. अंगण नाही, तेथे बाग कोठून आणायची, हा प्रश्न रास्त आहे. जागेची अडचण फ्रोबेल यांनाही ठाऊक होती. जमीन अपुरी असेल तर दोन मुलांना मिळून एक वाफा द्यावा, अशी सोय त्यांनी सुचवली होती. बाग वगळण्याची नव्हे. खिडकीत ठेवलेल्या पसरट कुंडीत मेथीचे दाणे पेरले, तरी काही दिवसांत कोंब दिसू लागतात. ते पाहण्यासाठी धावणारे मूल फ्रोबेल यांच्या बागेतलेच असते.