कॅलिस्टोगाचा धनी

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला सुमारे १२० किलोमीटरवर, नापा खोऱ्याच्या वरच्या टोकाला कॅलिस्टोगा हे जेमतेम पाच हजार वस्तीचे गाव आहे. सभोवती द्राक्षमळे आणि जमिनीखाली उकळते पाणी. गुडघे धरलेली, पाठ आखडलेली निवृत्त मंडळी येथे मुद्दाम येतात. ज्वालामुखीची राख कालवलेल्या उष्ण चिखलात दहा-बारा मिनिटे पडून राहावे, मग खनिज पाण्यात अंग शेकावे, असा येथील परिपाठ. (रक्तदाबाचा वा हृदयाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारूनच उतरावे, हे ओघाने आलेच.) ज्याच्या हौसेतून हे गाव उभे राहिले, तो सॅम्युअल ब्रॅनन मात्र उतारवयात अशा विसाव्याला पारखा झाला.

ब्रॅननचा जन्म १८१९ मध्ये मेन राज्यातील साको येथे झाला. व्यवसायाने तो मुद्रक होता. मॉर्मन पंथ स्वीकारल्यावर १८४६ मध्ये दोनशेहून अधिक सहधर्मीयांसह तो न्यूयॉर्कहून जहाजाने निघाला आणि दक्षिण अमेरिकेला वळसा घालून सहा महिन्यांनी आज ज्याला सॅन फ्रान्सिस्को म्हणतात त्या खेड्यात उतरला. सोबत छापखाना होता. त्यावर १८४७ मध्ये त्याने तेथील पहिले वृत्तपत्र सुरू केले.

जानेवारी १८४८ मध्ये कोलोमा येथे सोने सापडले. ब्रॅननने स्वतः नदीत उतरून वाळू चाळली नाही. त्याने टिकाव, फावडी, सोने धुण्याच्या थाळ्या मिळतील तेवढ्या आपल्या दुकानात भरल्या आणि मगच, मे महिन्यात, सुवर्णकणांची बाटली हातात नाचवीत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यांवरून बातमी ओरडत फिरला. शहर ओस पडले. गंमत अशी, की त्याच्याच वृत्तपत्राचे कर्मचारीही खाणींकडे पळाले आणि अंक बंद ठेवावा लागला. दुकान मात्र असे चालले, की ब्रॅननची गणना कॅलिफोर्नियातील पहिल्या दशलक्षाधीशांत होऊ लागली. पंथाशी त्याचे नाते १८५१ मध्ये तुटले. अनुयायांकडून गोळा केलेल्या दशांशाचा हिशेब मागितला असता त्याने खुद्द परमेश्वराची सही असलेली पावती मागितली, अशी दंतकथा आहे. ती खरी नसेलही, पण त्याच्या स्वभावाला शोभते खरी.

वापो आदिवासी नापातील उष्ण झऱ्यांचा उपयोग पिढ्यान्‌पिढ्या करीत होते. ब्रॅननने १८५०च्या दशकाच्या अखेरीस तेथे जमीन घेतली. न्यूयॉर्क राज्यातील साराटोगा हे श्रीमंतांचे आरोग्यस्थान होते. तसेच कॅलिफोर्नियात असावे, हे त्याचे स्वप्न. दोन नावांचा संकर होऊन कॅलिस्टोगा झाले. मद्याच्या अमलाखाली जीभ घसरल्याने हे नाव पडले, असेही सांगतात. १८६२ मध्ये हॉटेल, स्नानगृहे आणि टुमदार लाकडी बंगल्या पाहुण्यांसाठी खुल्या झाल्या. द्राक्षवेली लावल्या गेल्या, ब्रँडीची भट्टी सुरू झाली. १८६८ मध्ये रेल्वेही गावापर्यंत आली. त्यामुळे घोडागाडीचे हेलकावे सोसू न शकणाऱ्या वृद्ध व आजारी पाहुण्यांनाही येथे पोहोचणे शक्य झाले.

पण त्याच वर्षी एका लाकूड गिरणीच्या वादात ब्रॅननवर गोळ्या झाडल्या गेल्या. तो वाचला, तरी चालणे पूर्वीसारखे राहिले नाही. त्यानंतरचा घाव घरातून आला. १८७० मध्ये पत्नीने घटस्फोट घेतला आणि तिच्या वाट्याची रक्कम रोखीने चुकवावी लागली. सारी संपत्ती जमिनीत गुंतलेली; ती पडत्या भावाने विकण्यावाचून मार्ग उरला नाही. कॅलिस्टोगाही हातचे गेले. मद्यपानाने उरलेसुरले पोखरले. ज्या वयात इतर लोक त्याच्या झऱ्यांवर सांधे शेकीत होते, त्या वयात तो दक्षिणेला मेक्सिकोच्या सीमेजवळ नव्या जमिनींच्या योजना आखीत होता. एकही धड उभी राहिली नाही. अखेरीस त्याने दारू सोडली आणि मेक्सिको सरकारकडून आलेल्या रकमेतून कर्जे फेडली, असे सांगतात.

मे १८८९ मध्ये एस्कोन्डिडो येथे वयाच्या सत्तराव्या वर्षी तो वारला. दफनालाही पैसे नव्हते. मृतदेह सॅन दिएगोत सुमारे वर्षभर बेवारस पडून राहिला. मग तेथील माउंट होप दफनभूमीत त्याला जागा मिळाली. कॅलिस्टोगात त्याने बांधलेल्या बंगल्यांपैकी एक गावच्या संग्रहालयाला जोडून जपली आहे. चिखलस्नानासाठी आलेले पाहुणे ती पाहून जातात.